चिमुकल्या पडद्यावरची वेलांटी

अर्दुइनो उनोच्या पाटीवर जी आठ बिटांची चिप बसवलेली असते, तिच्याजवळ कामासाठी मेमरी असते २,०४८ बाइट. तिला जोडायचा रंगीत पडदा असतो २४० गुणिले ३२० ठिपक्यांचा, आणि एका ठिपक्याचा रंग सांगायला दोन बाइट लागतात. म्हणजे पडदाभर चित्राला १,५३,६०० बाइट हवेत, चिपच्या मेमरीच्या बरोबर पंचाहत्तर पट. त्यामुळे ही चिप जे चित्र काढते ते तिच्याजवळ कधीही पूर्ण नसतं. ती एक तुकडा तयार करते, तारांवरून पडद्याकडे धाडते, तो विसरते आणि पुढच्याला लागते. असं तुकड्यातुकड्यांनी गेलेलं चित्र समोरच्याला सलग दिसावं, ही जबाबदारी ज्या प्रोग्रामवर असते त्याला डिस्प्ले ड्रायव्हर लायब्ररी म्हणतात. उपकरण विकत घेणाऱ्याला तिचं नावही ठाऊक नसतं. पण त्या पडद्यावर आपली लिपी धड उमटणार की मोडकी, हे तिथेच ठरतं.

ग्वाल्हेरात, लष्करातल्या आमच्या घरी, मी अशी एक लायब्ररी लिहितो आहे. सुरुवात घरगुती कारणाने झाली. आत्याला औषधांच्या वेळा सांगणारी एक डबी हवी होती. आत्या जन्मापासून इथलीच. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ १८१० मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेला पडला, त्या तळाचंच पुढे लष्कर नावाचं शहर झालं, आणि तेव्हापासून इथे मराठी बिऱ्हाडं आहेत. निंबाळकरांची गोठ, चिटणिसांची गोठ ही मोहल्ल्यांची नावं अजून चालतात. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, दोन्हींची लिपी एकच. डबीच्या पडद्यावर फक्त एवढं यायला हवं होतं: ‘अर्धी गोळी, जेवणाआधी ३० मिनिटं.’

सहज मिळणाऱ्या लायब्ररीत देवनागरी अक्षरांचा संच घालून ही ओळ काढली, की ‘मिनिटं’चं ‘मनिटिं’ होतं. ‘अर्धी’तला रफार धीच्या डोक्यावर न जाता पाय मोडलेला र होऊन मध्येच उभा राहतो. शिरोरेषा प्रत्येक अक्षरानंतर तुटते. आत्याने चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि विचारलं, “अरे, हे अर् धी म्हणजे किती घ्यायची मी?” गोळी अर्धी घ्यायची की अख्खी, हा प्रश्न एका रफारावर अडलेला होता. ड्रायव्हर लायब्ररीकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

आधी पडद्याचं काम कसं चालतं ते सांगतो, कारण देवनागरीची सगळी अडचण त्यातूनच निघते.

या पडद्यांच्या काचेला एक स्वतंत्र नियंत्रक चिप चिकटवलेली असते. २.४ किंवा २.८ इंची पडद्यांत बहुतेकदा तैवानच्या इलिटेक कंपनीची आयएलआय९३४१, तर १.८ इंचीत सिट्रॉनिक्सची एसटी७७३५. चित्र साठवायची मेमरी या नियंत्रकाच्या पोटात असते, ड्रायव्हरने त्यात भरत जायचं. तारा मोजक्या असतात: घड्याळाची एक, डेटाची एक, पडदा निवडण्याची एक, आणि डीसी नावाची एक. डीसी खाली असेल तर येणारा बाइट हा हुकूम, वर असेल तर माहिती. २ए हा हुकूम दिला की पुढच्या चार बाइटांत कुठल्या स्तंभापासून कुठल्या स्तंभापर्यंत ते सांगायचं. २बी दिला की ओळींचं तेच. मग २सी, म्हणजे आता रंग येताहेत, भरायला लाग. या तीन हुकमांनी पडद्यावर एक चौकट आखली जाते, आणि रंगांचे बाइट ओतत गेलं की नियंत्रक ती डावीकडून उजवीकडे, वरून खाली आपली आपण भरत जातो.

ड्रायव्हर लिहिणाऱ्याचं कसब या चौकटीच्या हिशोबात आहे. एकच ठिपका रंगवायचा तर २ए आणि त्याचे चार, २बी आणि त्याचे चार, २सी, आणि रंगाचे दोन, असे तेरा बाइट खर्ची पडतात. कामाचे त्यांतले दोनच. पूर्ण पडदा असा ठिपक्याठिपक्याने रंगवला तर ९,९८,४०० बाइट पाठवावे लागतात. उनोचा वेग सेकंदाला जास्तीत जास्त ८० लाख बिटांचा, म्हणजे नुसता पडदा पुसायलाच एक सेकंद. तोच पडदा एकदाच चौकट आखून भरला तर सेकंदाच्या सहाव्या-सातव्या हिश्श्यात काम होतं. म्हणून चांगली लायब्ररी आडवी रेघ, उभी रेघ, भरीव चौकोन यांच्यासाठी वेगळ्या वाटा ठेवते आणि तिरक्या रेघेपुरताच एकेक ठिपका काढते. तिरक्या रेघेचा हिशोब जॅक ब्रेसेनहॅम यांनी आयबीएममध्ये १९६२ साली बसवला होता. त्याला भागाकार लागत नाही, अपूर्णांक लागत नाहीत, नुसत्या बेरजा-वजाबाक्यांवर भागतं. साठ वर्षं उलटली तरी आठ बिटांच्या चिपवर तीच रीत चालते.

रंगांचं प्रकरण त्याहून जास्त डोळ्यांत भरणारं. दोन बाइटांच्या सोळा बिटांतले पाच लाल, सहा हिरवा, पाच निळा. हिरव्याला एक बिट जादा, कारण माणसाचा डोळा हिरव्याच्या छटा जास्त बारकाईने ओळखतो. भगवा रंग या हिशोबात लाल ३१, हिरवा ३८, निळा ६ असा येतो. आता हे दोन बाइट उलट्या क्रमाने गेले, पुढचा मागे आणि मागचा पुढे, तर नियंत्रक त्यांचा अर्थ लाल २४, हिरवा ५५, निळा २८ असा लावतो आणि भगव्याच्या जागी फिकट आभाळी पडदा समोर येतो. बाइटांचा क्रम बरोबर, पण ३६ या हुकमातला लाल-निळ्याच्या अदलाबदलीचा एक बिट चुकीचा असेल तर तोच भगवा लखलखीत निळा होतो. दोन्ही निळे, पण कारणं निरनिराळी. सरावलेला माणूस निळ्याची छटा पाहून चूक कुठे आहे ते ओळखतो.

एसटी७७३५ची कथा तर नवशिक्याला खरी वाटणार नाही. वरून एकसारख्या दिसणाऱ्या पडद्यांची आतली मांडणी निरनिराळी निघते. काहींत चित्र दोन स्तंभ सरकून सुरू होतं आणि कडेला रंगीत कचऱ्याची पट्टी राहते. हे पडदे ओळखायचे कसे? काचेवरच्या संरक्षक कागदाला ओढून काढायला एक चिमुकली शेपटी असते, तिच्या रंगावरून. अॅडाफ्रूटच्या लायब्ररीत हिरव्या, लाल आणि काळ्या शेपटीच्या पडद्यांसाठी सुरुवातीच्या हुकमांच्या वेगवेगळ्या याद्या आहेत, आणि त्यांची नावंही तशीच आहेत. डेटाशीट कितीही जाडजूड असलं तरी ही माहिती त्यात सापडत नाही. ती कुणीतरी पडदे विकत घेऊन, जोडून, चुकत शोधलेली आणि सगळ्यांसाठी मोकळी ठेवलेली. लिमोर फ्रीड यांच्या अॅडाफ्रूटची जीएफएक्स, बोडमर या नावाने लिहिणाऱ्या गृहस्थांची टीएफटी-ईएसपीआय, ऑलिव्हर क्राउस यांची यू८जी२, हंगेरीच्या गाबोर किश-वामोशी यांनी सुरू केलेली एलव्हीजीएल: या सगळ्या लायब्ररी मोफत आहेत, उघड्या आहेत, आणि जगातले लाखो छंदिष्ट आणि विद्यार्थी त्यांच्या खांद्यावर उभे आहेत. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. देवनागरीचं काम त्यांनी केलं नाही ही तक्रार मी करणार नाही. ते आपलं काम होतं.

अंकांपुरतं पाहिलं तर देवनागरीला काहीच अडचण नाही. ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या चढावर एका खडकात कोरलेलं चतुर्भुज मंदिर आहे. प्रतिहार राजा मिहिरभोजाच्या काळातलं, लेखाचं साल इसवी ८७६. फुलबागेसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जमीन, आणि देवाला रोज ५० माळा, असा त्यात उल्लेख आहे. या २७० आणि ५० मधली शून्यं लहानशा वर्तुळांनी कोरलेली आहेत. तारीख पक्की असलेल्या भारतीय शिलालेखांतलं सर्वांत जुनं शून्य म्हणून त्यांचा दाखला साधारणपणे दिला जातो. त्या भिंतीवर अंक ज्या रीतीने उभे आहेत त्याच रीतीने ते आजच्या पडद्यावर बसतात, प्रत्येक अंक आपल्या जागेत, शेजाऱ्याला न शिवता. जीएफएक्समधला मूळ अक्षरसंच पाच स्तंभांचा, एका अक्षराला पाच बाइट, आणि पुढे एक मोकळा स्तंभ. देवनागरी शून्यापासून नवापर्यंतचे आकडे त्यात कुठल्याही कसरतीविना मावतात. म्हणूनच वजनकाटा, मीटर, घड्याळ यांवर देवनागरी आकडे आणणं एका दुपारचं काम आहे. त्याच मंदिराच्या भिंतीवर आकड्यांच्या आजूबाजूला जी अक्षरं आहेत, एकमेकांत गुंतलेली, एकावर एक चढलेली, ती मात्र अशा पेट्यांत बसत नाहीत.

‘अर्धी’ हा शब्द युनिकोडमध्ये पाच खुणांचा: अ, र, हलन्त, ध, दीर्घ वेलांटी. देवनागरीची प्रत्येक खूण यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते, म्हणजे पंधरा बाइट. अर्दुइनोचं ‘प्रिंट’ हे बाइट लायब्ररीच्या हाती एकेक करून देतं. इंग्रजीला त्याचं काही वाटत नाही, बाइट आला की अक्षर काढलं. देवनागरीत र आला तेव्हा तो काढायचा की थांबायचं? पुढे हलन्त येऊ शकतो. हलन्त आला तरी पुरे होत नाही, कारण त्याच्यापुढे ध आला तर रफार होणार, आणि शब्द तिथेच संपला तर पाय मोडलेला र ठेवायचा. ध आल्यावरसुद्धा रफार कुठे चढवायचा ते ठरत नाही, कारण मागून वेलांटी आली तर तो तिच्या दांडीवर जाणार. ऱ्हस्व वेलांटीचं उलट: ती येते व्यंजनामागून आणि बसते त्याच्या डावीकडे. म्हणजे अक्षर पूर्ण झालं हे कळेपर्यंत लायब्ररीने धीर धरून, आलेले बाइट हाताशी राखून, काहीही न काढता थांबायचं असतं. बाइट आला की काढ, या एका सवयीवर उभ्या असलेल्या लायब्ररींना हे पायापासून नवं आहे.

आणि क्रम बरोबर लावला तरी काम संपत नाही. अनेक लायब्ररी अक्षर काढताना त्याच्या चौकटीची पार्श्वभूमीही रंगवतात, म्हणजे आधीचा मजकूर पुसून निघतो. ‘मि’ काढताना आधी वेलांटी काढली, तिची कमान उजवीकडे म वर झुकलेली. मग म ची चौकट आली आणि तिच्या पार्श्वभूमीने ती कमानच पुसून टाकली. रोमन लिपीत शेजाऱ्याच्या हद्दीत इतकं कुणी घुसत नाही, त्यामुळे त्या लायब्ररींना हा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

छापखान्यातल्या माणसांना तो पडलेला होता. जावजी दादाजींनी मुंबईत १८६९ मध्ये निर्णयसागर काढला. त्या काळच्या देवनागरी खिळ्यांत वरच्या मात्रा, रफार, खालचे उकार वेगळे पाडलेले असत आणि जुळारी ते शिशाचे तुकडे एकमेकांत बसवत असे. रोमनची केस शे-दीडशे खणांत भागते, देवनागरीला कित्येक शे खण लागत. हे जड जातं म्हणून लिपीच सोपी करा, अशी मागणी पुढे झाली. सावरकरांनी अ ची बाराखडी सुचवली. १९५३ च्या लखनौ परिषदेत तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे नेण्याचं ठरलं. लोकांनी ते स्वीकारलं नाही आणि निर्णय मागे घ्यावा लागला. त्या सुधारकांचा हेतू चांगला होता, यंत्रं खरोखरच अपुरी होती. पण वाचणाऱ्यांचं म्हणणं मला जास्त पटतं. यंत्र दहा वर्षांत बदलतं, लिपी त्याच्यासाठी वाकवू नये.

लिपी न वाकवता हे काम संगणकाच्या पडद्यावर सुरुवातीला करून दाखवणाऱ्यांत आपल्याकडचेच लोक होते. कानपूरच्या आयआयटीत देवनागरी संगणकाचं काम झालं, १९८३ मध्ये तो दिल्लीच्या विश्व हिंदी संमेलनात मांडला गेला. मोहन तांबे आणि त्यांचे सहकारी पुढे पुण्याला आले. १९८८ मध्ये सी-डॅक उभं राहिलं आणि हे काम जिस्ट या नावाने तिथे वाढलं. जिस्टचं कार्ड संगणकात खोचलं की इंग्रजीसाठी लिहिलेल्या वर्डस्टारमध्ये, डीबेसमध्ये मराठी टंकता आणि वाचता येई. प्रोग्रामला काही कळायचंच नाही. पडद्याकडे जाणारी अक्षरं कार्ड मध्येच अडवी, त्यांची जोडाक्षरं बांधी आणि मग पडद्यावर धाडी. मला या कल्पनेचं फार अप्रूप वाटतं. लिपीचा भार त्यांनी वापरणाऱ्यावर टाकला नाही, प्रोग्राम लिहिणाऱ्यावरही नाही, पडद्याच्या लगेच वरच्या थरात तो कायमचा उचलून ठेवला. पुढे इस्की हे मानक १९९१ मध्ये आलं, रघुनाथ जोशींचा मंगल फॉन्ट विंडोजबरोबर घरोघर गेला, आणि आज अँड्रॉइड फोनवर हार्फबझ नावाचा मुक्त प्रोग्राम हेच काम करतो. आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

पण हार्फबझला जागा लागते, आणि उनोसारख्या चिपजवळ प्रोग्रामसाठीची फ्लॅश मेमरी सगळी मिळून ३२ किलोबाइट. फोनवर सुटलेला प्रश्न पंपाच्या कंट्रोलरवर, धान्यातला ओलावा मोजणाऱ्या यंत्रावर, रक्तदाबाच्या मशीनवर तसाच उभा आहे. त्यावरची आजची तोड म्हणजे मराठी ओळ चित्र म्हणून चिकटवायची. २४० ठिपके रुंद, ३२ उंच अशा एका रंगीत ओळीचे १५,३६० बाइट, दोन ओळींत चिपची फ्लॅश संपत येते. आणि चित्रात औषधाचं नाव बदलता येत नाही, गावाचं नाव भरता येत नाही. म्हणून मग इंग्रजीच राहते. ज्या शेतकऱ्यासाठी, ज्या म्हाताऱ्या माणसासाठी ते यंत्र आहे, त्याने शेजारच्या पोराला बोलावून वाचून घ्यायचं. मला हे सहन होत नाही, आणि ते टाळता येण्याजोगं आहे.

मी धरलेली वाट अशी. पूर्ण पडद्याचं चित्र मेमरीत मावत नाही हे खरं, पण एक अक्षर मावतं. ४८ ठिपके रुंद आणि ३२ उंच असा तुकडा, प्रत्येक ठिपक्याला एकच बिट, शाई आहे किंवा नाही एवढंच सांगणारा: १९२ बाइट. २,०४८ मधून एवढे काढून ठेवता येतात. आलेल्या खुणा आधी एका छोट्या रांगेत थांबतात. अक्षर पूर्ण झालं की क्रम लावायचा: रफार शेवटी, ऱ्हस्व वेलांटी आरंभी, मधल्या व्यंजनांची अर्धी रूपं, आणि क्ष, ज्ञ, त्र, द्ध अशांसाठी तक्त्यात पाहून थेट जोडाक्षर. मग ते सगळे भाग त्या १९२ बाइटांत एकावर एक चढवायचे, कुणीही कुणाला न पुसता. शेवटी एकदाच चौकट आखायची आणि बिट पाहत पाहत, शाई असेल तिथे शाईचा रंग, नसेल तिथे पार्श्वभूमीचा, असे दोन-दोन बाइट तारेवर सोडायचे. रंग मेमरीत कुठेच साठत नाही, जाता जाता तयार होतो. शिरोरेषा शेजारच्या अक्षराशी जुळावी म्हणून चौकटी एकमेकींना चिकटून ठेवायच्या, मोकळा स्तंभ ठेवायचा नाही. ईएसपी३२ सारखी मोठी चिप असेल, ५२० किलोबाइट मेमरीची, तर अख्खी ओळ एकदम बांधता येते आणि काम आणखी सोपं होतं. पण मी मुद्दाम उनोवर अडून आहे. तिथे चाललं की सगळीकडे चालेल.

अडीचशेच्या आसपास आकार, सरासरी साठ बाइट धरले तर पंधरा किलोबाइट. ‘एक टाइप’ या फॉन्ट-संस्थेच्या मुक्तासारख्या मोकळ्या परवान्याच्या फॉन्टवरून ते काढता येतात, पण इतक्या कमी ठिपक्यांत यंत्राने केलेलं रूपांतर पुरत नाही. घ आणि ध, भ आणि म यांच्यातला फरक एखाद-दोन ठिपक्यांवर येऊन ठेपतो. ते हाताने, एकेक ठिपका ठेवून दुरुस्त करावे लागतात.

इथे ग्वाल्हेरचा उपयोग होतो. दुकानाच्या पाट्यांवरचा ल आणि श हिंदी वळणाचा, आत्याच्या हातचा मराठी वळणाचा. पहिल्यांदा डबीवर ‘सकाळी’ उमटलं तेव्हा ती खूश झाली, पण ‘लाल गोळी’ वाचताना म्हणाली, “हा ल आपला नव्हे रे.” तेव्हापासून लायब्ररीत भाषेची एक कळ आहे: मराठी म्हटलं की ल आणि श बदलतात, ‘दुसऱ्या’ आणि ‘कुऱ्हाड’ यांतला चंद्रकोरीसारखा र येतो. हिंदी म्हटलं की नुक्त्यांची काळजी घेतली जाते. महाराज बाड़ा या इथल्या मुख्य चौकाच्या नावातला ड़ युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो, एका खुणेने किंवा ड आणि नुक्ता अशा दोन खुणांनी. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसले पाहिजेत.

शहरात १९५७ पासून माधव इन्स्टिट्यूट आहे, १९९७ पासून अटलबिहारी वाजपेयींच्या नावाची माहिती-तंत्रज्ञान संस्था आहे. अशा कॉलेजांतल्या मुलांचा या पडद्यावरचा पहिला प्रयोग जगभर एकच असतो, खोलीचं तापमान आणि आर्द्रता दाखवायची. ‘तापमान’ सोपा. ‘आर्द्रता’त मात्र एकाच अक्षराला वर रफार आणि पोटात दुसरा र. म्हणून मुलं ‘ह्युमिडिटी’ लिहून मोकळी होतात. लायब्ररीच्या तपासणी-यादीत मी हा शब्द सर्वांत वर ठेवला आहे. त्याखाली राष्ट्रीय, वाङ्मय, ऱ्हस्व, वैशिष्ट्य, शृंगार, बाड़ा, वाडा. कुठेही काही बदललं की आधी ही यादी पडद्यावर काढून पाहायची, मगच पुढे जायचं.

२४ ठिपक्यांच्या उंचीत आता ही सगळी यादी स्वच्छ उमटते. १६ च्या उंचीत ‘राष्ट्रीय’ अडला आहे. ष खाली ट, ट खाली र ची तिरकी जोडी, आणि तिला पाय टेकायला जागा उरत नाही. तिथे हलन्त दाखवून मोकळं होता येईल, किंवा ओळीची उंची दोन ठिपक्यांनी वाढवता येईल. उंची वाढवली तर उभ्या धरलेल्या पडद्यावर वीसऐवजी सतराच ओळी मावतात. मी उंची वाढवतो आहे.